अपस्फीत नीलांतील पुनरावर्ती क्लथन

पायांच्या त्वचेखालील नीला (हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या) कायमच्या फुगून लांबट व नागमोडी झाल्या म्हणजे त्यांना ‘अपस्फीत नीला’ म्हणतात. अशा नीलेतील संथ रक्त जागच्या जागी साखळून त्याची गुठळी बनण्याच्या क्रियेला ‘अंतर्क्लथन’ किंवा नुसते ‘क्लथन’ ही संज्ञा आहे. गुठळीभोवती नीलेच्या भित्तीचा शोथ (दाहयुक्त सूज) होत असल्यामुळे या विकारास दीर्घकाळ ‘नीलाशोथ’ याच नावाने ओळखले जाई. एकाच रुग्णात असे क्लथन काही महिन्यांच्या वा वर्षांच्या अंतराने पुनःपुन्हा होऊ लागल्यास ते पुनरावर्ती समजतात. अशी प्रत्येक खेप हा स्वतंत्र व किरकोळ आजार नसून बहुधा एकाच मूळ दोषाचा तो आविष्कार असतो; म्हणून दर वेळी केवळ वेदना शमविल्याने पुनरावृत्ती टळत नाही. मूळ दोष शोधून तो दूर करणे आणि क्लथनास पोषक ठरणारे प्रसंग आधीच ओळखून सावध राहणे, ही प्रतिबंधाची दोन प्रमुख अंगे होत.

शारीर व कार्य : पायातील नीलांचे दोन संच असतात. खोल नीला स्नायूंच्या मधून जातात व पायातील बहुतेक सर्व रक्त त्यांतूनच वर चढते. उपरिस्थ नीला त्वचेच्या लगत खाली असतात. त्यांपैकी सर्वांत लांब नीला घोट्याच्या आतील बाजूस सुरू होऊन पोटरी व मांडी यांच्या आतील अंगाने वर जाते आणि जांघेत खोल ऊरु-नीलेस मिळते. हे संयोगस्थान प्रस्तुत विकारात फार महत्त्वाचे आहे. दोन्ही संच ठिकठिकाणी लहान संयोजक नीलांनी जोडलेले असतात. सर्व नीलांमध्ये रक्ताला फक्त वर व आत जाऊ देणाऱ्या एकमार्गी झडपा असतात.

पोटरीचे स्नायू आकुंचन पावले की खोल नीला पिळल्या जाऊन रक्त वर ढकलले जाते. या कार्यामुळे पोटरीला ‘दुसरे हृदय’ असे म्हटले जाते. निश्चल उभ्या असलेल्या प्रौढ व्यक्तीच्या घोट्याजवळील नीलेत सु. ८०–९० मिमी. पारा इतका दाब असतो. चालू लागल्यावर काही पावलांतच तो ३० मिमी.च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झालेल्या पायात मात्र वर गेलेले रक्त पुन्हा खाली घसरते. या प्रतिगामी प्रवाहामुळे चालतानाही दाब पुरेसा उतरत नाही, नीलेची भित्ती ताणली जाते व रक्त तेथे रेंगाळते. हाच प्रस्तुत विकारातील मूळ दोष होय.

इतिहास : अथेन्स येथे सापडलेल्या इ. स. पू. चौथ्या शतकातील एका नवसाच्या शिल्पात फुगलेली नीला असलेला पाय कोरलेला आहे. इटलीतील पाद्युआ येथील शारीरविज्ञ फाब्रीत्स्यूस यांनी १६०३ मध्ये नीलांतील झडपांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे शिष्य विल्यम हार्वी (१५७८–१६५७) यांनी १६२८ मध्ये या झडपांचा खरा अर्थ रक्ताभिसरणाच्या संदर्भात स्पष्ट केला. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन हंटर (१७२८–९३) यांनी नीलांच्या आतील अस्तराच्या शोथाचे वर्णन केले व शोथ हाच मूळ विकार होय, ही कल्पना रूढ झाली. जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी १८५० च्या सुमारास केलेल्या संशोधनातून गुठळीची निर्मिती व तिचे फुप्फुसाकडे वाहून जाणे यांची उपपत्ती लावली. तथापि उपरिस्थ नीलांच्या बाबतीत ‘शोथ’ हेच नाव व त्याबरोबर येणारी उपचारपद्धती मागे राहिली. रुग्णाला अंथरुणात निजवून ठेवणे, मलमे लावणे व सूक्ष्मजंतूंचा संसर्ग समजून प्रतिजैव औषधे देणे, हा क्रम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू होता व काही ठिकाणी तो आजही आढळतो. वस्तुतः या विकारात बहुधा संसर्ग नसतो आणि अंथरुणातील सक्तीच्या विश्रांतीने पोटरीचे कार्य थांबून गुठळी वाढण्यास मदतच होते.

कारणे : फिरखो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रिसूत्रीनुसार रक्तप्रवाहाचे मंदावणे, वाहिनीच्या भित्तीतील बिघाड व रक्ताची वाढलेली साखळण्याची प्रवृत्ती, या तीन गोष्टी क्लथनास कारणीभूत होतात. अपस्फीत नीलेत पहिल्या दोन गोष्टी कायमच्याच हजर असतात. तिसरीची प्रासंगिक भर पडली की गुठळी बनते. शस्त्रक्रिया, गंभीर आजार, अस्थिभंगामुळे प्लास्टरमध्ये असलेला पाय, गर्भारपण, प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे, स्त्रीमदजन (ईस्ट्रोजेन) असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, स्थूलता, वाढते वय व शरीरातील पाण्याचे प्रमाण घटणे, हे असे प्रसंग होत. फुगलेल्या नीलेवर बसलेला साधा मारही पुरेसा ठरतो.

पुनरावृत्तीचे एक कारण गुठळीच्या परिणामांतच दडलेले असते. गुठळी काही आठवड्यांत विरघळू लागते किंवा तंतुमय होऊन तिच्यात नवे मार्ग निर्माण होतात. नीला पुन्हा खुली झाली, तरी तेथील झडपा बहुधा नष्ट झालेल्या व भित्ती खडबडीत झालेली असते. त्यामुळे प्रतिगामी प्रवाह वाढतो व पुढील गुठळीस अनुकूल भूमी तयार होते. हे दुष्टचक्र तोडणे हाच प्रतिबंधक उपचारांचा हेतू असतो.

लक्षणे व निदान : फुगलेल्या नीलेच्या मार्गावर एकाएकी ठणका लागतो, त्वचा लाल व उष्ण होते आणि हाताला कठीण, दोरीसारखी, दुखरी गाठ लागते. आडवे झाल्यावर साधी अपस्फीत नीला रिकामी होऊन सपाट होते. गुठळी असलेली नीला तशी होत नाही. लाली काही दिवसांत ओसरते, परंतु कठीणपणा व त्वचेवरील काळसर डाग कित्येक महिने राहू शकतात.

बाह्य तपासणीवरून गुठळी कोठपर्यंत पोहोचली आहे, याचा अंदाज करणे मात्र अवघड असते. हाताला लागणाऱ्या टोकाच्या पुष्कळ वरपर्यंत ती गेलेली असू शकते. यासाठी श्राव्यातीत ध्वनितरंगांची तपासणी (सोनोग्राफी) आवश्यक असते. तिच्या डॉप्लर प्रकारात रक्तप्रवाहाची दिशाही कळते. या तपासणीने गुठळीची लांबी, जांघेतील संयोगस्थानापासून तिचे अंतर, खोल नीलांची स्थिती व कोणत्या झडपा निकामी आहेत, या चारही गोष्टी समजतात. तपासणी दोन्ही पायांची केलेली बरी.

धोके : उपरिस्थ नीलेतील गुठळी निरुपद्रवी असते, हा समज आता मागे पडला आहे. फ्रान्समध्ये ८४४ रुग्णांवर केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सु. एक चतुर्थांश रुग्णांच्या खोल नीलांत किंवा फुप्फुसातही प्रथम तपासणीच्या वेळीच गुठळ्या आढळल्या. उपरिस्थ गुठळी संयोगस्थानातून किंवा संयोजक नीलेतून खोल नीलेत शिरू शकते. तेथून सुटलेला तुकडा हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुस-रोहिणीत जाऊन अडकल्यास फुप्फुस-अंतर्कीलन होते व ते प्राणघातक ठरू शकते. खोल नीलेतील क्लथनानंतर पायाची कायमची सूज, त्वचेचा काळेपणा व घोट्याजवळील चिवट व्रण हे उपद्रवही मागे राहतात.

तत्कालीन उपचार : उपचारांची तीव्रता गुठळीच्या स्थानावर व लांबीवर ठरते. लहान व संयोगस्थानापासून दूर असलेल्या गुठळीसाठी वेदनाशामक व शोथरोधी औषधे, पायाला आधार देणारे मोजे व चालणे एवढे बहुधा पुरते. मात्र काही दिवसांनी तपासणी पुन्हा करून गुठळी वाढत नाही, याची खात्री करून घेतात. गुठळी ५ सेंमी. किंवा त्याहून लांब असल्यास क्लथनरोधी औषधे देतात. संयोगस्थानापासून ३ सेंमी.च्या आत पोहोचलेली गुठळी खोल नीलेतील गुठळीप्रमाणेच गंभीर समजून पूर्ण मात्रेत व सामान्यतः तीन महिने उपचार करतात.

क्लथनरोधी औषधांपैकी हेपारिनाचा शोध १९१६ मध्ये लागला. नासलेल्या गोड क्लोव्हर या चाऱ्यामुळे गुरांना होणाऱ्या रक्तस्रावाच्या अभ्यासातून पुढे डायकूमारॉल व वॉर्फरिन ही तोंडाने घेण्याची औषधे निघाली. फाँडापॅरिनक्स या संश्लेषित औषधाची उपरिस्थ क्लथनावरील चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सु. ३,००० रुग्णांपैकी निम्म्यांना रोज २·५ मिग्रॅ. औषधाचे एक अंतःक्षेपण (इंजेक्शन) असे ४५ दिवस व उरलेल्यांना औषधविरहित अंतःक्षेपण देण्यात आले. मृत्यू, अंतर्कीलन, खोल नीलेतील क्लथन, गुठळीचे संयोगस्थानापर्यंत वाढणे किंवा पुनरावृत्ती यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण औषध न मिळालेल्या गटात ५·९ टक्के, तर औषध मिळालेल्या गटात ०·९ टक्के होते. रिव्हरॉक्साबान हे तोंडाने घेण्याचे औषध रोज १० मिग्रॅ. या मात्रेत कमी प्रतीचे ठरत नाही, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले.

ही औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात, कारण रक्तस्राव हा त्यांचा प्रमुख धोका आहे. मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण किंवा पूर्वीचा रक्तस्राव यांची माहिती वैद्यास देणे आवश्यक असते व वेदनाशामक गोळ्या त्यांच्या जोडीला परस्पर घेऊ नयेत. बरे वाटू लागताच औषध मध्येच सोडणे, ही लवकर होणाऱ्या पुनरावृत्तीस निमंत्रण देणारी चूक होय.

मूळ दोषाचे निराकरण : औषधाची मुदत संपली तरी निकामी झडप तशीच राहते. म्हणून एकदा क्लथन झालेल्या अपस्फीत नीलेचा कायमचा बंदोबस्त करण्याचा विचार अवश्य करावा. १८९० च्या सुमारास फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ख (१८४४–१९२४) या जर्मन शस्त्रक्रियाविशारदांनी लांब उपरिस्थ नीला मांडीत बांधून प्रतिगामी प्रवाह रोखण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली. पुढे संयोगस्थानी नीला बांधून ती संपूर्ण ओढून काढण्याची पद्धत विसाव्या शतकात सर्वत्र रूढ झाली. २००० च्या सुमारापासून नीलेत बारीक नळी घालून लेसर किरणांच्या किंवा रेडिओ-कंप्रतेच्या उष्णतेने ती आतून बंद करण्याचे तंत्र पुढे आले. यात त्वचा बधिर करणे पुरते व रुग्ण त्याच दिवशी चालू लागतो. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांत २०१३ पासून उष्णतेच्या पद्धतीस प्रथम, फेसाळ औषध टोचून नीला बंद करण्याच्या पद्धतीस दुसरे व शस्त्रक्रियेस तिसरे स्थान दिलेले आहे.

नीला बंद केल्याने पायातील रक्ताभिसरण बिघडेल, ही रुग्णांची भीती निराधार आहे. खोल नीला शाबूत असल्या म्हणजे रक्त त्यांतून अधिक सुरळीत वाहते. म्हणूनच खोल नीलांची तपासणी आधी करतात. गुठळी ताजी असताना हा उपचार सहसा करीत नाहीत. तीव्र शोथ ओसरून गुठळी स्थिर झाल्यावर, बहुधा सु. तीन महिन्यांनी, तो योजतात. नव्या नीला कालांतराने फुगू शकत असल्यामुळे उपचारानंतरही अधूनमधून तपासणी करून घेणे हितावह असते.

नित्याची काळजी : ज्यांना हे उपचार करता येत नाहीत किंवा करावयाचे नाहीत, त्यांना दाब देणारे लवचिक मोजे उपयुक्त ठरतात. त्यांचा दाब घोट्याशी सर्वांत अधिक, बहुधा २०–३० मिमी. पारा, व वर क्रमाने कमी होत जातो. मोजे मापाने घ्यावेत, सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवावेत व रात्री काढावेत. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या असल्यास या मोज्यांनी अपाय होतो. म्हणून मधुमेही, वृद्ध व तंबाखूचे व्यसन असलेल्या व्यक्तींनी पायाच्या नाड्या तपासून घेतल्यावरच ते वापरावेत. आपल्याकडील उन्हाळ्यात दिवसभर मोजे घालणे असह्य होते. अशा वेळी ते अजिबात सोडून देण्यापेक्षा उभ्याने काम करण्याच्या वेळेपुरते घालणे श्रेयस्कर.

यंत्रमागावरील कामगार, वाहतूक पोलीस, दुकानांतील विक्रेते, आचारी व शिक्षक यांना तासन्‌तास उभे राहावे लागते. उभे राहण्यापेक्षा निश्चल उभे राहणे अधिक अपायकारक असते. दर अर्ध्या तासाने टाचा उचलून पुन्हा टेकविण्याची क्रिया दहा-वीस वेळा केल्यास पोटरीचे कार्य चालू राहते. रोज नियमित चालणे, वजन आटोक्यात ठेवणे, झोपताना पायाखाली उशी घेऊन पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवणे व पुरेसे पाणी पिणे, हे साधे उपाय इतर उपचारांना पूरक होत.

विशेष प्रसंग : चार तासांपेक्षा अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासानंतर नीलांतील क्लथनाचा संभव सु. दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालात म्हटले आहे. निरोगी व्यक्तीत तो मुळातच अल्प असतो. पूर्वी क्लथन झालेल्या व्यक्तीने मात्र मोजे घालावेत, मधूनमधून उठून चालावे व दूरच्या प्रवासापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी पूर्वीच्या क्लथनाची माहिती शस्त्रक्रियाविशारदांना न विचारताही सांगावी, म्हणजे प्रतिबंधक मात्रेत औषध देता येते. अशा स्त्रियांनी गर्भनिरोधनासाठी ईस्ट्रोजेनविरहित साधन निवडणे योग्य ठरते.

गर्भारपणी व बाळंतपणात विशेष दक्षता लागते. या काळात गरज पडल्यास हेपारिनाच्या वर्गातील औषधे देतात, कारण ती वारेतून गर्भाकडे जात नाहीत. वॉर्फरिनामुळे गर्भास इजा होण्याचा संभव असतो. बाळंतिणीने सव्वा महिना खाटेवरून फारसे उठू नये, अशी प्रथा महाराष्ट्रात पुष्कळ घरांतून पाळली जाई. जड कामांपासून सुटका हा तिचा हेतू चांगला असला, तरी पाय न हलविता पडून राहणे अपस्फीत नीला असलेल्या स्त्रीस धोक्याचे असते. तिने प्रसूतीनंतर लवकरात लवकर घरातल्या घरात चालू लागावे. तेल लावून अंग रगडण्याची पद्धत असेल, तेथे लाल व कठीण झालेली नीला कटाक्षाने वगळावी. गुठळी असलेला भाग चोळू नये.

इतर विकारांचा शोध : नीला अपस्फीत नसताना क्लथन झाले, ते एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकत गेले, किंवा तरुण वयात व सबळ कारणाशिवाय पुनःपुन्हा झाले, तर अन्य विकाराचा शोध घ्यावा लागतो. फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो (१८०१–६७) यांनी १८६५ मध्ये अशा फिरत्या क्लथनाचा पोटातील कर्करोगाशी असलेला संबंध दाखविला. १८६७ मध्ये हेच चिन्ह स्वतःच्या शरीरात दिसताच त्यांनी आपला आजार ओळखला व त्याच वर्षी जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. विडी वा सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांत फिरते क्लथन हे बर्गर रोगाचे आरंभीचे लक्षण असू शकते. लीओ बर्गर (१८७९–१९४३) यांनी १९०८ मध्ये वर्णिलेल्या या रोगात हातापायांच्या रोहिण्या बंद होतात व तंबाखू संपूर्ण सोडणे हाच खरा उपाय असतो. प्रतिक्लथनी प्रथिनांची जन्मजात उणीव किंवा १९९४ मध्ये लायडन येथे ओळखला गेलेला जनुकीय बदल यांमुळेही रक्ताची साखळण्याची प्रवृत्ती वाढते. आई-वडील वा भावंडांपैकी कोणास लहान वयात क्लथन झाले असल्यास या तपासण्यांचा विचार करतात. सर्वच रुग्णांना त्यांची गरज नसते.

धोक्याची चिन्हे : कठीण दोरी मांडीत वर सरकू लागणे, संपूर्ण पोटरीला वा पायाला सूज येणे, एकाएकी दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा घेरी येणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. ही चिन्हे नसली, तरी अपस्फीत नीलेतील पहिल्याच क्लथनाच्या वेळी श्राव्यातीत तपासणी करून गुठळीची मर्यादा व झडपांची स्थिती नोंदवून ठेवणे, हा पुढील पुनरावृत्ती टाळण्याच्या दृष्टीने सर्वांत फलदायी उपाय होय.